खाडा

आमच्या गल्ल्याच्या खणात सासूबाईंची एक लांबट वही अजून आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, पूर्वी वाण्याकडे असायची तशी. एकेका पानावर एकेका मेंबरचं नाव, खाली महिन्याचे चौकोन आणि कुठे कुठे फुली. फुली म्हणजे खाडा. महिन्याचे पैसे भरून जेवणारा माणूस एखाद्या दिवशी येणार नसेल तर तेवढ्या जेवणाचे पैसे वजा करायचे, ही खानावळीची जुनी रीत. अट एकच, आदल्या रात्री सांगायचं. सकाळी दारात उभं राहून "आज जेवायला नाही हां, वैनी" म्हटलं तर खाडा धरला जात नसे. कारण तोवर त्याच्या वाटचं खोबरं खवून झालेलं असतं, बांगडा साफ करून त्याला हळद-मीठ लागलेलं असतं.

सासूबाई गिरणगावातल्या खानावळवाल्या. दहा बाय बाराच्या खोलीतून पंधरा-सोळा गिरणी कामगारांना दोन वेळा जेवू घालायच्या. १९८२ चा संप त्यांनी उधारीवर काढला. त्यातली काही उधारी वहीत तशीच आहे, माणसं गावाला गेली ती गेली. पुढे चाळीच्या तळमजल्यावर पागडीची जागा घेतली, मग टेबलं आली, आणि त्यानंतर मी आले. या क्रमाने त्या सांगतात.

२०२० च्या मार्चपासून २०२२ च्या मार्चअखेरपर्यंत कोरोनामुळे आमची खानावळ कधी बंद होती, कधी निम्मी उघडी होती, कधी चारला मिटत होती, ते मी त्याच वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर टिपत गेले. आवड म्हणून नव्हे. आज काय चालतं आणि काय चालत नाही, हेच लक्षात राहत नसे. गिऱ्हाईक विचारायचं, पोलीस विचारायचे, आणि दोघांना वेगळं उत्तर देऊन चालत नाही.

जागा आमची परळला. एका अंगाला केईएम रुग्णालय, दुसऱ्या अंगाला टाटा कॅन्सर रुग्णालय, दोन्हीकडून चालत पाच-सात मिनिटं. तेव्हा अकरा टेबलं होती, चव्वेचाळीस माणसं. दुपारी निम्मे ऑफिसातले, निम्मे पेशंटचे नातेवाईक. नातेवाईक लगेच ओळखू येतात. हातात एक्स-रेची पिशवी असते आणि ताट समोर आलं तरी आधी फोन बघतात. कामाला तेव्हा सहा जण: आचारी, डोंबिवलीहून येणारी भाकरीवाली मावशी, दोन तरुण वाढपी, सगळ्यांत जुने वाढपी ज्यांना गिऱ्हाइकंसुद्धा मामा म्हणतात, आणि भांडी घासणारा बिहारचा पोरगा. मासळी एक कोळीणबाई पुरवतात, पहाटे भाऊच्या धक्क्यावरून. गल्ल्यावर मी. आमचे हे बेस्टमध्ये कंडक्टर.

२० मार्च २०२० ला शुक्रवार होता. मासे खाणाऱ्यांचे वार तीन: बुधवार, शुक्रवार, रविवार. त्यातही आठवड्याचं भाडं-पगार काढून देतो तो रविवार. मुंबईतली जीवनावश्यक सोडून बाकी सगळी दुकानं-ऑफिसं ३१ मार्चपर्यंत बंद, अशी घोषणा त्या शुक्रवारी झाली, तेव्हा रविवारची सुरमई मी सांगून बसले होते. तो रविवार म्हणजे २२ तारीख, जनता कर्फ्यू. सुरमई आम्ही खाल्ली, चाळीने खाल्ली, उरली ती तळून ठेवली आणि तीही खाल्ली. पार्सलला तशी बंदी नव्हती. पण लोकल थांबली, मावशी डोंबिवलीत, वाढपी विरारला. पार्सल बांधणार कोण आणि नेणार कोण?

पहिल्या त्या दोन-अडीच महिन्यांबद्दल सगळ्यांनी पुष्कळ लिहून झालंय, मी थोडक्यात सांगते. मामा गावी जाऊ शकले नाहीत, ते खानावळीतच दोन टेबलं जोडून झोपायचे. पोरगा फॉर्म भरून मे महिन्यात श्रमिक ट्रेनने गेला. ह्यांची ड्यूटी चालू होती, म्हणून सासूबाईंना आतल्या खोलीत ठेवून मधे चादर बांधली. आणि एका संस्थेने टाटाच्या आसपास अडकलेल्या पेशंटांसाठी जेवण मागितलं, तेव्हा मामा आणि मी रोज चाळीस पुड्या डाळभाताच्या करत होतो. माशाच्या खानावळीत अडीच महिने मासा नाही. सासूबाई चादरीआडून विचारायच्या, "वास कसलो येता?" वास फिनेलचा यायचा.

बसून जेवायची परवानगी आली ५ ऑक्टोबर २०२० ला. सोमवार. निम्म्या क्षमतेने, आणि सोबत नियमांची लांबलचक यादी. ती यादी मी फोनवर तीनदा वाचली. दारात ताप बघायचा, गिऱ्हाइकाचं नाव-नंबर लिहून घ्यायचा, टेबलांमध्ये एक मीटर अंतर ठेवायचं. मेनूकार्ड हाताळायचं नाही, म्हणून मोठ्या हॉटेलांनी क्यूआर कोड लावले. आमचा मेनू भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहिलेला, त्याला कोण हात लावणार?

निम्मी क्षमता म्हणजे बावीस माणसं, असा माझा हिशोब होता. मामांनी शिंप्याकडून टेप आणली. खोली साडेतीनशे फुटांची, एक खांब मधोमध. एका टेबलाच्या कडेपासून दुसऱ्याच्या कडेपर्यंत मीटर मोजत, खडूने रेघा मारत आम्ही दुपारभर टेबलं सरकवली. पाच बसली. सहावं बसवायचं तर मोरीच्या दारात. पाच टेबलांवर दोन-दोन माणसं आणि भिंतीकडच्या लांब टेबलाला एक जास्त. अकरा. चव्वेचाळीसचे अकरा झाले. कागदावर पन्नास टक्के लिहिलेलं, खोलीत पंचवीस टक्के मावलं. मोठ्या हॉटेलात जागा ऐसपैस असते, त्यांचे पन्नास पन्नासच राहिले असतील. नियम सगळ्यांना सारखा होता, खोल्या सारख्या नव्हत्या.

उरलेली सहा टेबलं चाळीच्या गॅलरीत एकावर एक रचली. तिसऱ्या दिवशी शेजारचे काका म्हणाले, "वहिनी, रात्री पाय आपटतो." त्यातली दोन पुढे विकली.

पण यादीतली खरी गंमत होती ती कच्च्याची. जेवण शिजवलेलंच द्यायचं, सॅलडसारखं कच्चं आणि थंड शक्यतो टाळायचं. कांदा-लिंबू गेलं, हे समजू शकत होते. कोशिंबीर गेली. मग मामांनी हळूच विचारलं, "सोलकढीचं काय करायचं?"

सोलकढी शिजवत नाहीत. ओल्या खोबऱ्याचं दूध काढायचं, कोकमाचं आगळ घालायचं, लसूण-मिरची ठेचून लावायची, वर कोथिंबीर. विस्तवावर धरली की फुटते, पाणी एकीकडे आणि चोथा एकीकडे. म्हणजे यादीप्रमाणे ती कच्चीही आणि थंडही. आचाऱ्याचं म्हणणं, खोबऱ्याला गरम पाणी घालतोच की आपण, तेच शिजवणं धरा. मामांचं म्हणणं, 'शक्यतो' लिहिलंय ना, मग आपल्याला शक्य नाही. मी खरोखर एका कार्यालयात जाऊन विचारलं. खिडकीतल्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, मास्क नीट केला आणि म्हणाला, "बाई, तुमचं लायसन कुठल्या तारखेपर्यंत आहे?" लायसनचा आणि सोलकढीचा काय संबंध! घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सोलकडी खय उकळतत? हेंका कोकणात धाडा." आम्ही सोलकढी चालू ठेवली, झाकणाच्या छोट्या डब्यांत, टेबलावर उघडून न ठेवता. कांदा दिला नाही. तळलेल्या बांगड्याबरोबर कांदा नाही म्हणून एक जण उठून गेला. तो राग माझ्यावर होता की साथीवर, कोण जाणे.

नाव-नंबरांचं रजिस्टर मात्र भरत राहिलं. पेशंटचे नातेवाईक नावाखाली आपणहून सगळा पत्ता लिहायचे, मुक्काम-पोस्ट-तालुका-जिल्ह्यासकट, जणू मनीऑर्डर येणार आहे. ते रजिस्टर आजतागायत कुणी मागितलं नाही.

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल ही बाई नियमांच्याच विरोधात आहे. मी नव्हते. रुग्णालयांच्या दारात माझं दुकान आहे. ॲम्ब्युलन्सचे आवाज मी पंख्याच्या आवाजासारखे ऐकत होते. बंद खोलीत मास्क काढून, समोरासमोर बसून, बोलत बोलत तासभर जेवणं, साथीला याहून सोयीची जागा कुठली? ज्या कायद्याने आमच्यावर हुकूम निघत होते तो १८९७ चा, प्लेगने मुंबईत धुमाकूळ घातला तेव्हाचा. त्या प्लेगवरची लस हाफकिनने याच शहरात तयार केली आणि त्यांच्या नावाची संस्था आमच्या परळातच आहे. तेव्हा साथीत शहर कसं थांबवतात हे या भागाला शिकवायला नको. माझी तक्रार एवढीच की हुकूम काढणाऱ्याला खाड्याचा नियम कुणी सांगितला नव्हता. खानावळीचा उद्याचा दिवस आज संध्याकाळी सुरू होतो. हुकूम रात्री यायचा आणि उद्यापासून लागायचा. आमचा उद्या तोवर भिजत पडलेला असायचा.

४ एप्रिल २०२१ चंच घ्या. रविवार. संध्याकाळी बातमी, सोमवारी रात्री आठपासून बसून जेवण बंद, फक्त पार्सल आणि घरपोच. शुक्रवारी रात्री आठ ते सोमवारी सकाळी सात कडक बंद. म्हणजे आमचा रविवार कापला आणि शुक्रवारची रात्रही कापली. तीन वारांतला उरला बुधवार. मी त्या पानावर लिहिलंय: 'फक्त बुधवार.' दुसरं काही नाही लिहिलं.

त्याच हुकमात माणसांच्या तपासण्या आल्या. लस घेतलेली नसेल तर आरटीपीसीआर, आणि तो अहवाल पंधरा दिवसच चालणार. लस तेव्हा पंचेचाळीसच्या वरच्यांनाच होती. मामा, मावशी, मी, आमचं निभावलं. आचारी आणि दोन वाढपी पंचेचाळीसच्या आतले. तपासणीचा दर तेव्हाच पाचशेवर आणला होता, ते बरं झालं. पण एप्रिलमध्ये लॅबपुढे रांगा, अहवाल चार-पाच दिवसांनी हातात यायचा. पंधरातले पाच वाट बघण्यात गेले की उरले दहा. अहवाल नसताना सापडला तर माणसाला हजाराचा दंड, दुकानाला दहा हजारांचा. एका वाढप्याचं नाक इतक्या वेळा टोचलं की तो म्हणायचा, "वैनी, आता नाक खाजवलं तरी रिपोर्ट निघेल."

मग गुढीपाडवा आला, १३ एप्रिल. सकाळी गुढी उभारली, श्रीखंड-पुरीची पंचवीस पार्सलं गेली, मला जरा बरं वाटत होतं. रात्री साडेआठला मुख्यमंत्री टीव्हीवर. दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून संचारबंदी. हॉटेलांत येऊन पार्सल नेणंही बंद, फक्त घरपोच.

घरपोच. हा शब्द मी त्या रात्री नीट ऐकला. आमचं निम्मं गिऱ्हाईक पुलाखाली आणि फुटपाथवर राहणारं. जळगावचं, बीडचं, बिहारचं, बंगालचं. पेशंट आत, किंवा केमो घेऊन शेजारी प्लास्टिकच्या चटईवर. त्यांनी दुकानाशी येऊन पार्सल न्यायचं तर नियम मोडतो. आम्ही त्यांच्या घरी पोचवायचं तर घर कुठे? ॲपवर पत्ता टाकल्याशिवाय ऑर्डर पुढे जात नाही, आणि ॲपचं कमिशन धरलं तर ऐंशी रुपयांच्या डाळभाताला उरतं काय?

मामांनी उपाय काढला. त्यांनी पुलाच्या खांबांना नंबर दिले. खडूने, दुपारी, कुणाला न विचारता. मग एका जुन्या रजिस्टरवर ऑर्डरी लिहिल्या जाऊ लागल्या: 'खांब ३, बाई व मुलगा, भात २ वरण २.' 'खांब ५, म्हातारे, तिखट नको.' 'खांब ७, आज नको.' हा खांब सातवाला रोज रात्री मामांच्या फोनवर मिस्ड कॉल द्यायचा. दोन मिस्ड कॉल म्हणजे उद्या जेवण हवं, एक म्हणजे खाडा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. महिन्याभरात आम्ही पाहिलेला तो एकमेव माणूस, जो आदल्या रात्री सांगत होता.

पिशवी घेऊन मामाच जायचे. लस घेतलेले, मास्कवर मास्क, गळ्यात आम्हीच छापलेलं ओळखपत्र. एकदा त्यांना अडवलं. "काका, कुठे?" "घरपोच." "कुणाच्या घरी?" मामांनी रजिस्टर पुढे केलं. त्या माणसाने ते वाचलं, परत दिलं आणि दुसरीकडे बघायला लागला.

त्याच एप्रिलमध्ये आमचा एक जुना मेंबर गेला. गिरणीतून निवृत्त, एकटा, वीस वर्षं आमच्याकडेच जेवणारा. खाट मिळेपर्यंत उशीर झाला होता. त्यानंतर कुणी नियमांना नावं ठेवली की सासूबाई तिथून उठून जायच्या.

७ जून २०२१ पासून पातळ्या आल्या. पाच पातळ्या, पॉझिटिव्हिटीचा दर आणि ऑक्सिजनच्या खाटा किती भरल्या यावरून ठरायच्या. मुंबई तिसरीत. सोमवार ते शुक्रवार चार वाजेपर्यंत, निम्म्या क्षमतेने बसून जेवा, शनिवार-रविवार पार्सल. पुढे आकडे उतरले, पहिल्या-दुसऱ्या पातळीत बसण्याइतके उतरले, तरी शहर तिसरीतच ठेवलं. दाट वस्ती, लोकलची गर्दी, पुन्हा लाट यायची भीती, हे कारण मला पटत होतं. पण मग आकडे दर आठवड्याला आम्हाला कशाला सांगायचे? परीक्षेत पास होऊनही वर्ग तोच. आणि जून-जुलै दर्यावर बंदी. उघडलं तेव्हा ताजा मासा नाही, बर्फातला नाहीतर सुका. महिनाभर आम्ही सुकट, जवळा आणि सुक्या बोंबलांवर काढला.

चार वाजता बंद याचा अर्थ ज्याने खानावळ चालवली नाही त्याला कळणार नाही. साडेतीनला ताट वाढणं थांबवलं तर चारला शटर पडतं. रुग्णालयातला माणूस सकाळी रांगेत लागतो, डॉक्टरांना भेटून, कागद घेऊन, औषधं आणून तीन-साडेतीनला मोकळा होतो. म्हणजे तो भुकेला होतो नेमका तेव्हा, जेव्हा मी नाही म्हणायला लागते.

३ ऑगस्टपासून इतर दुकानांना रात्री दहापर्यंत मुभा मिळाली. आम्हाला चारपर्यंतच. शेजारी मोबाइलचं दुकान, त्याच्यापुढे सात वाजता खच्चून गर्दी, आणि आमचं शटर खाली. ४ ऑगस्ट, बुधवार. होड्या नुकत्याच परत दर्यात गेलेल्या, पहिला ताजा बांगडा आलेला. साडेतीनला एक गृहस्थ आले, साठीचे, पांढरा सदरा, टोपी. बसले. बांगडा थाळी. जेवायला लागले आणि मला कळलं की हे मासा खाणारे जुने आहेत. घास घेण्याआधी काटा बोटाने चाचपून काढत होते, ताटाच्या कडेला ओळीने मांडत होते. पावणेचार झाले. मामा शटरच्या सळीशी जाऊन उभे राहिले. पाच कमी चार. गृहस्थांनी डोकं काढायला घेतलं. बांगड्याचं डोकं घाईत खायची वस्तू नाही. मी मामांकडे बघितलं, मामांनी माझ्याकडे. चार वाजले. मामांनी शटर अर्धं ओढलं. गृहस्थांनी मान वर करून पाहिलं, भात कालवला आणि म्हणाले, "बाई, घशात काटा अडकला तर केईएमला जागा आहे का?"

सव्वाचार होऊन गेले तेव्हा ते हात धुऊन निघाले. अर्ध्या शटरखालून, वाकून, टोपी सांभाळत. मला त्याची लाज वाटली. पुढच्या रविवारी गटारी होती, ८ तारीख. वर्षातला सगळ्यात मोठा रविवार आणि संध्याकाळी आमचं शटर खालीच.

१५ ऑगस्टपासून रात्री दहापर्यंत मुभा आली. आली ती श्रावणात. ९ तारखेला श्रावण लागलेला, आमचं अर्धं गिऱ्हाईक वरणभातावर. पण खरी मेख पुढे होती. सगळ्या कामगारांचे दोन्ही डोस झालेले हवेत आणि दुसऱ्या डोसला चौदा दिवस उलटलेले हवेत.

मी वहीच्या पानावर उलटा हिशोब मांडला. तो अजून आहे, पेनाने दोनदा गिरवलेला. १५ ऑगस्टातून चौदा दिवस वजा, १ ऑगस्ट. कोविशील्डच्या दोन डोसांत चौऱ्याऐंशी दिवस, म्हणजे पहिला डोस ९ मेच्या आत. अठरा ते चव्वेचाळीसची लस सुरू झाली १ मेला, स्लॉट मिळायचा नाही, आणि साठा नाही म्हणून १२ मेला राज्याने ती थांबवलीसुद्धा. माझ्या दोन वाढप्यांना पहिला डोस मिळाला २१ जूननंतर मोफत लस सुरू झाली तेव्हा. २१ जून धरला तरी दुसरा डोस १३ सप्टेंबर आणि चौदा दिवस मोजून २७ सप्टेंबर. म्हणजे पोरांनी मनात आणलं असतं तरी १५ ऑगस्टला पात्र ठरता आलं नसतं. लोकलच्या पासाची अटही तीच, म्हणून विरारहून यायचं तरी कसं?

तेव्हा १५ ऑगस्टला आमच्या खानावळीत वाढायला होते मामा, बासष्टचे, भाकरीवाली मावशी, चौपन्नची, आणि मी. मावशी तव्यावरून भाकरी काढायची, पदराला हात पुसायची, मास्क वर करायची आणि तीच बाहेर नेऊन वाढायची. आचारी चाळिशीचा, त्याचाही दुसरा डोस बाकी, म्हणून स्वयंपाकाला सासूबाई उतरल्या. सत्त्याहत्तर वर्षांच्या. दोन्ही डोस झालेल्या. "खय आसा तुमचा सर्टिफिकेट?" असं त्या रोज सकाळी आम्हाला विचारायच्या आणि स्वतःचं देव्हाऱ्याशेजारी लावलेलं दाखवायच्या. त्या महिन्यात बांगड्याचं तिखलं जसं झालं तसं पुन्हा झालं नाही. गिऱ्हाइकं फारशी नव्हती हे खायला, हे मात्र वाईट.

पुढचं भरभर झालं. पोरं सप्टेंबरअखेर परत आली. १९ ऑक्टोबरपासून बारापर्यंत मुभा मिळाली, तिचा आम्हाला उपयोग शून्य, बारा वाजता मासे कोण खातं? जानेवारीत ओमायक्रॉन आला, पुन्हा दहा, पुन्हा निम्मी क्षमता. या वेळी टेप काढायची गरज पडली नाही. लाद्यांवरच्या खडूच्या जागी कधीतरी आम्ही ऑइलपेंटच मारला होता. पोरगा बिहारहून आला नाही. तिकडे त्याने चहाची टपरी टाकली, फोटो पाठवतो.

४ मार्च २०२२ पासून मुंबईत पूर्ण क्षमतेला परवानगी मिळाली. या वेळी ते आम्हाला आधी कळलं. ४ तारीख शुक्रवार होती. गॅलरीतली चार टेबलं खाली आणली, एकाचा पाय पावसाने फुगलेला, त्याखाली पुठ्ठा घातला. आदल्या रात्री साडेनऊला मी कोळीणबाईंना फोन लावला.

"बोल गं. उद्या किती?"

मला आकडा सुचेना. दोन वर्षं मी अकरा माणसांचा अंदाज बांधत होते, कधी शून्याचा. मी म्हटलं, "शंभर बांगडे ठेवा. नाहीतर असं करा ना, मी सकाळी फोन करते, साडेपाचला."

"सकाळी काय फोन?" त्या म्हणाल्या. "मी तीनला धक्क्यावर उभी असते. काय ते आत्ता सांग."